निवेदन दिलं, फोटो निघाला, पुढे काय?

प्रश्न : आमच्या वस्तीकडे जाणाऱ्या रस्त्याची तीन पावसाळे चाळण झालीय. दोनशे सह्यांचं निवेदन आमदारांना एका कार्यक्रमात दिलं. ‘बघतो’ म्हणाले, फोटो पेपरात आला. सहा महिने झाले, काही हललेलं नाही. निवेदनांचा उपयोग होतो का? — एक वाचक

होतो, पण हारतुऱ्यांच्या गर्दीत हातात दिलेल्या कागदाला आवक क्रमांक पडत नाही. तो गाडीत जातो, गाडीतून गठ्ठ्यात. निवेदन संपर्क कार्यालयात कामाच्या दिवशी द्यावं, दोन प्रतींत. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि क्रमांक घेऊनच बाहेर पडावं.

त्याआधी रस्ता कुणाच्या ताब्यात आहे ते शोधा. ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेकडे असतात. प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्यमार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. देखभालीचा खर्च ज्याच्या ताब्यात रस्ता त्याच्या अंदाजपत्रकातून व्हायचा असतो. आमदार खड्डे बुजवत नाहीत. ते पत्र देतात, पाठपुरावा करतात, आपल्या स्थानिक विकास निधीतून कामं सुचवतात, आणि त्या निधीचा पैसाही त्यांच्या हातात येत नाही, जिल्हाधिकाऱ्यांमार्फत खर्च होतो. ‘रस्ता करून द्या’ अशी मोघम मागणी म्हणूनच ‘बघतो’वर संपते.

निवेदन एका पानाचं, एकाच विषयाचं. रस्ता, पाणी, स्मशानभूमी आणि एसटीचा थांबा एकाच कागदावर आले की तो कागद कुठल्याच खात्याकडे धड जात नाही. मजकूर साधारण असा :

‘शाळेच्या कमानीपासून ओढ्याच्या पुलापर्यंतचा सुमारे ४०० मीटरचा तुकडा पूर्ण उखडला आहे. रस्ता जिल्हा परिषदेच्या ताब्यात आहे. आपण कार्यकारी अभियंता, बांधकाम विभाग, जिल्हा परिषद यांना दुरुस्तीबाबत पत्र द्यावे व त्या पत्राची प्रत आम्हांस मिळावी, ही विनंती.’

खाली एकाच माणसाचं नाव आणि फोन. सह्यांपुढे नाव, पत्ता आणि मतदार यादीचा भाग क्रमांक लिहा. दोनशे सह्या कुठल्या बूथवरच्या आहेत हे कार्यालयातली मंडळी पाहतातच. त्यांचं काम सोपं करायला हरकत नाही.

पंधरा दिवसांनी स्वीय सहायकांना फोन करा. ‘आमच्या कामाचं काय झालं?’ याला ‘चालू आहे’ हे उत्तर ठरलेलं. ‘पत्राचा जावक क्रमांक काय?’ असं विचारलं की पत्र गेलंय की नाही ते तिथल्या तिथे कळतं. तो क्रमांक घेऊन खात्याच्या आवक टेबलावर जा आणि पत्र कुणाकडे ‘मार्क’ झालंय ते विचारा.

तिथेही दाद लागली नाही, तर माहिती अधिकार कायदा, २००५ खाली त्या खात्याकडे अर्ज करा. शुल्क दहा रुपये, मुदत ३० दिवस. ‘काम का झालं नाही?’ असं विचारू नका. नोंदीत असलेली माहिती द्यायची असते, खुलासा नव्हे, आणि अर्ज त्याच मुद्द्यावर परत येतो. ‘अमुक जावक क्रमांकाच्या पत्रावर केलेल्या कार्यवाहीच्या कागदपत्रांच्या व टिपणीच्या प्रती’ एवढंच मागा.

प्रश्न : मी नवीन नगरसेविका आहे. प्रभागाचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला, पण त्यात शुभेच्छा, भांडणं आणि तक्रारी यांची खिचडी झालीय. बंद करू का? — एक नगरसेविका

बंद नको, एकतर्फी करा. फक्त ॲडमिनना लिहिता येईल असं सेटिंग ठेवा आणि त्यावर पाण्याच्या वेळा, वीज बंद, लसीकरण, मंजूर कामं एवढंच टाका. तक्रारीसाठी वेगळा नंबर द्या. चव्हाट्यावर केलेल्या तक्रारीला दहा जण ‘आमच्याकडेही’ लिहितात आणि मूळ पत्ता वर निघून जातो. शिवाय तक्रारदाराचा फोन आणि पत्ता शेकडो लोकांसमोर उघडा पडतो, तो वेगळाच त्रास.

तक्रारींसाठी साधी वही पुरते : तारीख, नाव, नेमकं ठिकाण, विषय, कुठल्या खात्याला कळवलं, पालिकेचा तक्रार क्रमांक, आणि तक्रारदाराला उत्तर दिल्याची तारीख. हा शेवटचा रकानाच बहुतेक कार्यालयांत कोरा असतो. दिवा लागतो, पण ज्याने कळवलं त्याला कुणी सांगत नाही. मग तो ‘कुणी ऐकतच नाही’ असं चार घरी सांगतो. काम होणार नसेल तर तेही कळवा, कारणासह : ‘गल्ली खासगी जागेत असल्याने पालिका काँक्रीट करू शकत नाही.’ असा नकार लोक पचवतात. झुलवत ठेवलेलं मात्र पुढच्या निवडणुकीपर्यंत लक्षात राहतं.

बहुसदस्यीय प्रभाग असेल तर आणखी एक गुंता. एकच तक्रार चार नगरसेवकांकडे जाते, चौघांनाही वाटतं दुसरा बघतोय. गल्ल्या किंवा विषय आपसांत वाटून घ्या आणि ती वाटणी जाहीर करा. पक्ष वेगळे असले की हे जमणं कठीण. तेव्हा निदान तक्रार क्रमांक तरी एकमेकांना कळवावेत. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्यांच्यासाठी आठवड्यातला एक ठरलेला दिवस आणि तास कार्यालयात स्वतः बसा. ती वेळ दोनदा चुकली की लोक येणं बंद करतात.

प्रश्न : ग्रामसभेला गणपूर्ती होत नाही, सभा तहकूब होते आणि नंतर दहा-बारा जणांत ठराव होतात. हे थांबवायचं कसं? — एक ग्रामस्थ

गणपूर्ती म्हणजे एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांतली कमी असलेली संख्या. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, म्हणून ही पळवाट चालते. पण तहकूब सभेत मूळ विषयपत्रिकेतलेच विषय घेता येतात. तेव्हा सभेची नोटीस लागली की विषयपत्रिकेचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

खरी गडबड ‘ऐनवेळच्या विषयां’त असते, आणि त्याहून मोठी प्रोसिडिंगमध्ये, म्हणजे सभेच्या इतिवृत्तात. हजेरीच्या सह्या आधी होतात, ठराव मागाहून लिहिले जातात. सभा उठण्यापूर्वी प्रत्येक ठराव सूचक आणि अनुमोदकाच्या नावासह वाचून दाखवा, असा आग्रह धरा. पाच-सहा जणांनी एकत्र धरला तर टाळणं अवघड जातं. आपला विषय ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (पूर्वीचे ग्रामसेवक) आधीच लेखी द्या आणि पोच घ्या. महिलांची सभा ग्रामसभेआधी व्हायची असते. ती कागदावरच होते का, तेही पाहा.

प्रश्न : आपला प्रश्न अधिवेशनात मांडायला आमदारांना सांगता येतं का?

येतं. तारांकित प्रश्नाला सभागृहात तोंडी उत्तर असतं आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकिताला फक्त लेखी उत्तर. प्रश्नाची सूचना अधिवेशनाच्या बरीच आधी द्यावी लागते, म्हणून नागपूरच्या हिवाळी अधिवेशनासाठी दिवाळीनंतर धावपळ करून उपयोग नसतो. तीन ओळींत मुद्दा लिहा आणि सोबत खात्याशी झालेल्या पत्रव्यवहाराच्या प्रती द्या. मंत्र्यांनी सभागृहात आश्वासन दिलंच, तर त्याचा पाठपुरावा आश्वासन समिती करते. तारीख आणि नेमके शब्द टिपून ठेवा. तुमचे आमदार स्वतःच मंत्री असतील तर ते प्रश्न विचारू शकत नाहीत. अशा वेळी तुमच्या भागातल्या पदवीधर किंवा शिक्षक मतदारसंघाच्या विधान परिषद सदस्यांना गाठा.