जुन्या लोखंडी सायकलची फ्रेम: पावडर कोटिंग की घरी स्प्रे?

रोज वापरायची असेल तर पावडर कोटिंगच, म्हणजे रंगाची पूड फवारून भट्टीत पक्की करणं. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज एमआयडीसीत जॉबवर्कवाल्यांना विचारा; दुसऱ्या लॉटसोबत त्याच रंगात टाकली तर स्वस्त पडेल. भट्टी १८०-२०० अंशांची असते, त्यामुळे बेअरिंग, कप, प्लास्टिक सगळं आधी काढा. बॉटम ब्रॅकेटच्या (पेडलचा आस बसतो ती नळी) आट्यांना मास्किंग करायला, म्हणजे ते झाकायला, बजावून सांगा. तिथं पावडर बसली की कप आत जात नाही, मग टॅप मारून आटे साफ करत बसा!

घरी स्प्रे मारायचा तर मे महिन्याच्या दुपारी अजिबात नको. ऊन आणि फुफाटा. रंग पसरायच्या आधीच वाळतो, हाताला खरखरीत लागतो. सकाळी लवकर, सावलीत, पातळ हात द्या. जुना रंग घट्ट असेल तर पॉलिश पेपर पुरे. गंजलेल्या जागी मात्र लोखंड उघडं करून रेड ऑक्साइड प्रायमर लावा.