दोघांत एकच जनुकीय बदल सापडला, म्हणजे त्यांचा पूर्वज एकच का?

तुमचा प्रश्न असा: डीएनए चाचणीच्या फाइलमध्ये मोठेपणीही दूध पचवू देणारा 'युरोपीय' बदल दिसला, तर आपले पूर्वज तिकडचे मानायचे का? आणि प्राण्यांचं नातंही असंच शोधतात का?

नुसत्या बदलावरून मानू नका. अकॉन्ड्रोप्लेशिया या ठेंगूपणाच्या आजारात जवळजवळ सगळ्या रुग्णांत एफजीएफआर३ जनुकातलं तेच अक्षर (डीएनए ए, सी, जी, टी या चार अक्षरांत लिहिलेला असतो) बदललेलं असतं: ११३८ व्या जागी जीचा ए. पण सुमारे ८० टक्के रुग्णांचे आईवडील सामान्य उंचीचे असतात, कारण बदल दर वेळी नव्याने घडतो. बदल एकच, नातं काही नाही.

म्हणून बदलाच्या दोन्ही बाजूंचा डीएनएचा पट्टा, म्हणजे हॅप्लोटाइप, जुळतो का ते पाहतात. दुधाचा बदल लॅक्टेज (दुधातली साखर पचवणारं विकर) जनुकाच्या १३,९१० अक्षरं आधी, शेजारच्या एमसीएम६ जनुकात आहे: सीचा टी. तो २००२ मध्ये फिनलंडच्या कुटुंबांत सापडला. पूर्व आफ्रिकेतले गुराखी समाजही मोठेपणी दूध पचवतात, पण त्यांच्यातला मुख्य बदल लॅक्टेज जनुकाच्या १४,०१० अक्षरं आधी, जीचा सी असा आहे (२००७). गुण सारखा, उगम वेगळा. भारतीयांत मात्र तोच टी आणि त्याभोवतीचा पट्टाही युरोपीयांसारखाच निघाला (२०१२). म्हणजे बदल एकदाच घडला आणि वारशाने दोन्हीकडे पोचला.

यावरून फक्त त्या तुकड्याचा उगम कळतो, तुमच्या घराण्याचा नाही. फायद्याचा बदल थोड्याशा माणसांकडून आला तरी नैसर्गिक निवडीमुळे पसरतो. बाकीचा डीएनए तसा पसरत नाही. एकूण वंशासाठी लाखो तटस्थ (फायदा-तोटा नसलेल्या) जागा एकत्र बघाव्या लागतात. एका अक्षरावर नकाशा रंगवून देणाऱ्या अहवालांना मी तरी किंमत देत नाही.

फाइल स्वतः तपासायची तर आरएस४९८८२३५ (rs4988235, या दुधाच्या बदलाचा ओळखक्रमांक) शोधा. तिथे टी नाही, ए किंवा जी दिसेल. घाबरू नका. फाइल डीएनएच्या दुसऱ्या धाग्यावरून वाचलेली असते, तिथला ए म्हणजे शोधनिबंधातला टी. जागेचा आकडाही फसवतो: मानवी जीनोमच्या संदर्भ-नकाशाच्या ३७ व्या आवृत्तीत १३,६६,०८,६४६ आणि ३८ व्या आवृत्तीत १३,५८,५१,०७६. दोन फाइली वेगवेगळ्या आवृत्तीच्या असतील तर नुसत्या जागेवरून जुळवू नका, आधी एकीचं रूपांतर करा.

पट्टा जितका लांब, तितका सामाईक पूर्वज जवळचा. दोघांपासून तो ग पिढ्या मागे असेल, तर त्याच्याकडून आलेल्या सामाईक तुकड्याची सरासरी लांबी १०० भागिले २ग सेंटीमॉर्गन (डीएनएच्या तुकड्याची लांबी मोजायचं एकक). दहा पिढ्यांना ५, शंभर पिढ्यांना ०.५. (माणसात १ सेंटीमॉर्गन म्हणजे ढोबळमानाने १० लाख अक्षरं.) प्रत्यक्षात ७ सेंटीमॉर्गनखालचे बरेचसे जुळणारे तुकडे खोटे असतात. फाइलमध्ये कोणतं अक्षर आईकडचं आणि कोणतं वडिलांकडचं हे लिहिलेलं नसतं, त्यामुळे सॉफ्टवेअर कधी इकडचं, कधी तिकडचं उचलून तुकडा शिवतं. आई किंवा वडिलांची फाइल जोडून दोन बाजू वेगळ्या केल्या की यातले बरेच गळून पडतात.

आपल्याकडे आणखी एक घोळ. जातीतच लग्नं, शिवाय अनेक समाजांत मामाच्या मुलीशी लग्नाची चाल. त्यामुळे दूरच्या दोघांतही असंख्य छोटे तुकडे जुळतात आणि त्यांच्या लांबीच्या बेरजेवरून नातं आहे त्यापेक्षा जवळचं वाटतं. अशा वेळी बेरजेपेक्षा सर्वांत लांब तुकड्याकडे पाहा.

प्राण्यांच्या प्रजातींसाठी एका अक्षराऐवजी घुसलेले तुकडे जास्त भरवशाचे. 'साइन' नावाचे काहीशे अक्षरांचे उड्या मारणारे तुकडे दोनदा नेमक्या त्याच जागी घुसणं जवळजवळ अशक्य, आणि एकदा बसले की जसेच्या तसे निघतही नाहीत. देवमासा आणि पाणघोडा जवळचे नातलग असल्याचा भक्कम पुरावा १९९९ मध्ये अशाच सामाईक तुकड्यांतून मिळाला. कुत्र्यांतही तेच: डॅशहंड, कॉर्गी, बॅसेट यांच्या आखूड पायांमागे एफजीएफ४ जनुकाची १८ व्या गुणसूत्रावर त्याच जागी घुसलेली जादा प्रत आहे (२००९).

तरी एकाच तुकड्यावर प्रजातींची वंशावळ मांडत नाहीत. फाटे फुटले तेव्हा पूर्वजांपैकी काहींतच तो असेल, तर पुढे तो कुठल्या शाखेत टिकला आणि कुठे गळला हे नशिबावर ठरतं आणि चुकीच्या दोन शाखा जवळच्या भासतात. म्हणून वेगवेगळ्या जागचे अनेक तुकडे एकाच फाट्याकडे बोट दाखवतात का, हे तपासतात.