चावी कोणाकडे ठेवायची?

"जीव द्यावासा वाटतो का, असं बाबांना थेट विचारलं, तर नसलेला विचार मीच त्यांच्या डोक्यात घालीन का हो?" हा प्रश्न माझ्याकडे वरचेवर येतो. यावेळी तो एका लेकीने विचारला. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

तिचं सासर बेळगावात, माहेर खानापूर तालुक्यात, जांबोटीकडे रानाला लागून. भातात डुकरं, गवे शिरतात म्हणून आजोबांच्या काळापासून घरात परवान्याची बंदूक. वर्षापूर्वी आई गेली, तेव्हापासून बाबा राखणीला जाईनात. बैलजोडी पडेल त्या भावाने देऊन टाकली. "आता माझ्यावाचून कुणाचं काय अडतंय?" म्हणाले. आणि परवा ती गेली तर पडवीत बंदूक पुसत बसलेले. राखण बंद, मग पुसायची कशाला?

मी म्हटलं, विचारा. विचारल्याने विचार पेरला जात नाही, मनात असलाच तर बोलायला वाट मिळते. पण "तसलं काही मनात नाही ना?" असं नको, त्यावर माणूस "छे छे" म्हणून सुटतो. "बाबा, जीव द्यावासा वाटतो काय?" असं सरळ.

बंदुकीचं मात्र थांबून चालणार नव्हतं. मरणाची ऊर्मी लाटेसारखी येते आणि बहुतेकदा ओसरते. बंदूक हाताशी असली तर ओसरायला वेळच उरत नाही. इस्रायलच्या सैन्याने 2006 मध्ये सुट्टीवर घरी जाणाऱ्या जवानांना बंदुका तळावरच ठेवायला लावल्या, तर आत्महत्या सुमारे 40 टक्क्यांनी घटल्या. जवान तेच, घरं तीच.

इथे माझी एक चूक झाली. "दादाला सांगा, बंदूक त्याच्या घरी नेऊन ठेवू दे," असं मी बोलून गेले. ओळखीच्या एका निवृत्त फौजदारांनी कान उपटले. 1959 च्या शस्त्र कायद्यानुसार परवाना ज्याच्या नावावर, बंदूक त्याचीच. दादाकडे सापडली तर गुन्हा दादावर. बाबांनी स्वतः परवाना घेऊन जावं, ठाण्यात नाहीतर परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावी, पावती घ्यावी. तोवर काडतुसं वेगळ्या कुलपात, आणि घरात बाबा एकटे नकोत.

"पण त्यांना अपमान वाटंल की!" ती म्हणाली. मी विचारलं, "निवडणूक आली की बंदुकीचं काय करता?" "जमाच करतात." "मग झालं तर."

चहा घेताना तिने विचारलं. बाबा बराच वेळ कपातल्या सायीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "रात्री वाटतं गं." आणि कनवटीची बंदुकीच्या कुलपाची चावी काढून तिच्यापुढे ठेवली. दुसऱ्या दिवशी ते, दादा आणि ती, तिघं ठाण्यात गेले. पावती कानडीत, लेकीने वाचून दाखवली तेव्हा कुठे त्यांनी खिशात घातली.

पुढचं सोपं नव्हतं. मनोविकारतज्ज्ञांच्या गोळ्या, दोनदा मधेच सोडलेल्या. रात्री फार जड झालं तर लावायचा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा नंबर तिने भिंतीवर खडूने लिहिला; फोन फुकट आणि चोवीस तास. राखणीला भावकीतली पोरं पाळीपाळीने डबे बडवत बसली. डुकरांनी दोन वाफे खाल्लेच.

सुगी झाल्यावर बाबा स्वतः मला भेटायला आले. पहिला प्रश्न बंदुकीचाच. "आणू काय आता परत?"

मी म्हटलं, "तुम्हीच सांगा."

ते थोडं थांबले. "पुढच्या सुगीचं पुढच्या सुगीला बघू," म्हणाले, आणि पिशवीतून नव्या तांदळाची पुडी काढून टेबलावर ठेवली.