लेकीची लांबलचक मतपत्रिका

प्रश्न: लेक ह्यूस्टनला असते, नुकतीच तिथली मतदार झाली. मतपत्रिकेवर म्हणे शेरीफपासून (तिथला पोलीसप्रमुख) न्यायाधीशांपर्यंत भली मोठी यादी! एवढी माणसं निवडायची कशी? – एक आई, सातारा

उत्तर: ताई, मीही टेक्सासचीच मतदार, त्यामुळे तिची धांदल कळते. आपल्याकडे कलेक्टर, फौजदार सरकार नेमतं. इथे शेरीफ, करवसुली अधिकारी, न्यायाधीशसुद्धा मतं मागतात. (न्यायाधीशाने पक्षाच्या तिकिटावर उभं राहावं, हे मला अजून पचलेलं नाही.) ‘काउंटी जज’ मात्र मुख्यतः काउंटीचा, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागाचा, कारभारी: अंदाजपत्रक, पूर-वादळातली व्यवस्था त्याच्याकडे. आणि ‘रेलरोड कमिशनर’ बघतो तेल आणि गॅस! शेरीफची निवड राष्ट्राध्यक्षांबरोबर होते, काउंटी जजची त्यानंतर दोन वर्षांनी येणाऱ्या मधल्या निवडणुकीत.

पूर्वी एकाच खुणेत सगळी मतं एका पक्षाला देता यायची. २०२० पासून ते बंद, आता एकेक पद करत शेवटपर्यंत जायचं. काउंटीच्या संकेतस्थळावर नमुना मतपत्रिका मिळते. मी ती छापते, चहा घेता घेता खुणा करते आणि तोच कागद आत नेते. मतदान केंद्रात मोबाइल चालत नाही, कागद चालतो. एखाद्या पदाचं काहीच ठाऊक नसेल तर ते कोरं सोडलं तरी बाकीची मतं बाद होत नाहीत, हे तिला जरूर सांगा.