एक हजार गणितं, पण हवं तेच सापडेना

प्रश्न : आम्ही सात-आठ शिक्षक ऑनलाइन होमवर्कची गणितं एकाच शेअर्ड फोल्डरमध्ये टाकतो, आता हजारेक झाली असतील. एकाचा टॅग 'डिफरन्सिएशन', दुसऱ्याचा 'विकलन', तिसऱ्याचा नुसता 'युनिट ४'. सर्च केलं की निम्मी गायब. सगळं पहिल्यापासून टॅग करायला बसू का?

उत्तर : नका बसू, शंभराव्या गणिताला कंटाळाल आणि मग अर्धं जुनं अर्धं नवं असा आणखीच गोंधळ.

वेबवर्क या ऑनलाइन होमवर्कच्या सॉफ्टवेअरची ओपन प्रॉब्लेम लायब्ररी, म्हणजे गणितांचा खुला साठा, बघा एकदा. वेबवर्क रॉचेस्टर विद्यापीठात १९९० च्या दशकात सुरू झालं, आणि लायब्ररीत कितीतरी कॉलेजांच्या शिक्षकांनी दिलेली हजारो गणितं आहेत, म्हणजे तुमचंच दुखणं, फक्त अवाढव्य. तिथे टॅग गणिताच्या फाइलमध्येच वरती कॉमेंट म्हणून असतात, त्यामुळे फाइल कुठेही हलवा, टॅग सोबत जातात (वेगळ्या एक्सेल शीटमध्ये ठेवलेत तर महिन्याभरात शीट एकीकडे नि गणितं भलतीकडे). विषय, चॅप्टर, सेक्शन ही तीन नावं ठरलेल्या यादीतूनच उचलायची, मनाची नाही. कीवर्ड मात्र मोकळे, तिथे विकलन, डिफरन्सिएशन दोन्ही लिहा की. पुस्तकाचं नाव, आवृत्ती, प्रश्न क्रमांक यांना वेगळ्या ओळी, तुमचं 'युनिट ४' तिकडे टाका, पुस्तक बदललं की त्याला कोण विचारतं!

खरी भांडणं सेक्शनवरून होतात. शिडी भिंतीवरून घसरतेय, वरचं टोक किती वेगाने खाली येतंय, हे गणित पायथागोरसचं का चेन रूलचं? माझ्या मते वर्गात काय शिकवल्यावर ते द्याल तो सेक्शन, म्हणजे इथे रिलेटेड रेट्स (एकमेकांवर अवलंबून बदलणाऱ्या राशींचे वेग), बाकीचं कीवर्डमध्ये. आणि एकच गणित दोन फोल्डरमध्ये कॉपी अजिबात करू नका, एकात चूक दुरुस्त होते, दुसरीतली तशीच राहते.

नुसते आकडे बदललेली गणितं वेगळी मोजू नका, आकडे प्रोग्रामलाच रँडम निवडू द्या. अगदीच जुळी असतील तर एक मुख्य ठेवून बाकीची त्याच्याखाली बांधा, त्या लायब्ररीत तशी सोय आहे.

अवघडपणाची लेव्हल तिथे १ ते ६ आहे, तुम्हाला तीन पुरे, सहात कुणाचं एकमत होत नाही.

आता जुनी हजार : जे गणित होमवर्कला द्याल ते त्याच दिवशी टॅग करायचं, बस. यादी एकाच्या ताब्यात द्या, नवा सेक्शन हवा असेल तर त्यालाच विचारायचं. वर्षभर ज्याला कुणी हातच लावला नाही ते वेगळ्या फोल्डरमध्ये सरकवा.