एकट्यानं सोडायला जाऊ नकोस

बाळा,

परवा उद्यमबागेत कारखान्यात तू व्हर्निअरवर माप वाचून 24.60 सांगितलंस. मी पुन्हा लावून बघितलं, तर 24.06. त्याआधी दोनदा जॉबचा तुकडा तुझ्या हातातून सुटला होता. चहाला बाहेर आल्यावर तूच म्हणालास, "काका, गोळ्या सोडलोय मी. चार दिवस झाले. कुणाला सांगू नका."

त्या शेवटच्या तीन शब्दांनी माझी झोप उडवली.

नशेच्या गोळ्या वाईट, हे तुला मी कशाला सांगू? माझं म्हणणं एवढंच आहे, एकट्यानं सोडायला जाऊ नकोस.

माझा धाकटा भाऊ निपाणीला तंबाखूच्या वखारीत हमाल होता. दारूनं पार पोखरला होता. 1989 च्या दिवाळीआधी मी त्याला माडीवर कोंडलं आणि बाहेरून कडी घातली. मनात आणलं की सगळं सुटतं, हे माझंच तत्त्वज्ञान! पहिल्या दिवशी घामानं गादी भिजली. दुसऱ्या रात्री त्याला भिंतीवर मुंग्या दिसू लागल्या, मग फिट आली. कडी काढून मी आत गेलो तेव्हा तोंडातून रक्त येत होतं, जीभ चावली गेली होती. तो वाचला, पण दवाखान्याला जायचं नाव काढलं की माझ्याकडे नुसता बघायचा. चार वर्षांनी दारूनंच गेला.

तुला स्प्रिंग कळते, म्हणून तसं सांगतो. दारू मेंदूला दाबून धरते, मेंदू उलटा जोर लावायला शिकतो. दाब एकदम काढला की उसळतो. झोपेच्या गोळ्यांचंही तेच. त्या डॉक्टर हळूहळू उतरवतात. अफूच्या जातीच्या वेदनाशामक गोळ्यांचा धोका निराळा. काही दिवस सोडल्या की शरीराची सवय मोडते, आणि मग जुन्याच मापानं घेतल्या तर श्वास बंद पडतो. तुझ्या कुठल्या, ते तू सांगितलं नाहीस. म्हणूनच म्हणतो, एकट्यानं नको.

डॉक्टरकडे जायला लाज वाटते म्हणे! चिठ्ठीशिवाय गोळ्यांची पट्टी मागताना कुठं गेली होती ही लाज? पोलिसांची भीती असेल तर ऐक. अमली पदार्थांच्या 1985 च्या कायद्यात 64-अ कलम आहे. व्यसनी माणसाकडे किरकोळ प्रमाणात माल सापडला, पण त्यानं स्वतःहून सरकारी दवाखान्यात उपचार घेऊन ते पुरे केले, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळतं. 14446 हा व्यसनमुक्तीचा फोन नंबर आहे, पैसे लागत नाहीत.

मी काही कसाई नव्हतो रे. त्या काळात आमच्या गल्लीत उपचार वगैरे कुणाला ठाऊक होतं? नाही, हे खोटं आहे. पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र 1986 लाच सुरू झालं होतं, मी पेपरात वाचलंही होतं. पण घरातला माणूस तिथं धाडला तर लोक काय म्हणतील, म्हणून कडी घातली. आईच्या मिश्रीच्या डबीला आमच्यात कुणी व्यसन म्हटलं नाही, ते वेगळंच.

उद्या सकाळी सातला बसस्टँडवर ये. धारवाडला डिम्हान्सला, मनाच्या आजारांच्या सरकारी दवाखान्यात जाऊ, मी रजा टाकलीय. उरलेली पट्टी खिशात घेऊन ये, फेकू नकोस. डॉक्टरांना नाव वाचायला लागेल. आज रात्री आईला सांग आणि तिच्या खोलीतच झोप. झटका आला किंवा भलतंसलतं दिसायला लागलं, तर सकाळची वाट बघायची नाही, रिक्षा करून थेट सिव्हिल गाठायचं. आईला सांगायला जमत नसेल तर मला फोन कर, मी येऊन सांगतो.

दाराला आतून कडी घालू नकोस.

तुझा,
काका