रिग्रेशनचं टेबल पेपरमध्ये टाकण्याआधी

अरे, रिग्रेशनचं (एक गोष्ट बदलली की तिच्यासोबत दुसरी किती बदलते ते मोजण्याचं तंत्र) सॉफ्टवेअरमधलं आउटपुट जसंच्या तसं पेस्ट करू नकोस, त्यात पी-व्हॅल्यू (खरा परिणाम नसताना निव्वळ योगायोगाने इतका किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता) ०.००० दिसते पण ती शून्य कधीच नसते, <०.००१ असं लिही. पी-व्हॅल्यू लहान आहे हे दाखवायला आकड्यापुढे नुसते स्टार लावून भागत नाही, वाचणाऱ्याला परिणाम किती मोठा आणि अंदाज किती पक्का ते कळायला हवं, म्हणजे ऑड्स रेशो (दोन गटांत एखादी गोष्ट घडण्याच्या ऑड्सचं, म्हणजे घडणं भागिले न घडणं याचं, गुणोत्तर) १.४२, ९५% कॉन्फिडन्स इंटरव्हल (खरा आकडा ज्या पट्ट्यात असावा तो अंदाज) १.१० ते १.८३, असं. वयाचा कोएफिशिएंट (वय एक वर्षाने वाढलं की निकालाचा आकडा किती बदलतो ते) ०.००४ आला आणि तू दोन दशांशांवर आणलास की ०.०० उरतं, सगळी माहितीच गेली ना! त्यापेक्षा वय दर १० वर्षांमागे घे, ०.०४ होईल, वाचायलाही सोपं. आणि रेफरन्स कॅटेगरी (ज्या गटाशी बाकीच्या गटांची तुलना केली तो) कुठली ते प्लीज लिही, बरेच जण विसरतात. प्रत्येक मॉडेलखाली एन (किती जणांचा डेटा वापरला तो आकडा) पण दे, मिसिंग डेटामुळे तो बदलतो.